शिकागोचा कायमचा उचललेला रेल्वे पूल, आणि थांबलेल्या पुलांचं काय करायचं?

काठावरून

शिकागो नदीच्या उत्तर शाखेवर, किंझी रस्त्याच्या पुलाला लागूनच, एक रेल्वे पूल आहे. तो नदीवर आडवा नाही, उभा आहे. २००० सालापासून त्याची एकुलती एक पाती, म्हणजे उचलला जाणारा गाळा, वर उचललेली आहे. आजूबाजूला काचेच्या इमारती झाल्या, नदीकाठी फिरायला वाटा झाल्या, आणि त्यांच्या मधोमध हा गंजलेल्या पोलादाचा सांगाडा. मी कामासाठी याच भागात येते. घरी पाहुणे आले की त्यांना इथे घेऊन येते, आणि जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, बंद पडलाय ना, मग काढत का नाहीत?

या प्रश्नाचं नीट उत्तर देता यावं म्हणून वाचत गेले आणि पुलाच्या प्रेमातच पडले. म्हणून हा धागा.

या जागेचा रेल्वेशी संबंध फार जुना. शिकागोतून निघालेली पहिली रेल्वे म्हणजे १८४८ ची गलीना अँड शिकागो युनियन. शहरातला नदीवरचा पहिला रेल्वे पूल याच जागी झाला. १८६४ मध्ये ती कंपनी शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत विलीन झाली. नंतर इथे जो पूल आला तो अमेरिकेतल्या सुरुवातीच्या संपूर्ण पोलादी रेल्वे पुलांपैकी एक होता. आज दिसतो तो १९०८ मध्ये सुरू झाला. एका टोकाला आसावर फिरून वर उचलल्या जाणाऱ्या पुलाला बॅस्क्यूल म्हणतात, आणि त्या प्रकारात हा तेव्हा जगातला सर्वात लांब आणि सर्वात जड होता. मुख्य गाळा १७० फुटांच्या आसपास. आराखडा जोसेफ स्ट्रॉस यांच्या कंपनीचा. हेच स्ट्रॉस पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचे मुख्य अभियंता झाले.

मला चटका लावून गेलं ते पुढचं. पूल बांधला तेव्हा नदीच्या पूर्वेला वेल्स स्ट्रीट स्टेशन होतं आणि प्रवासी गाड्या या पुलावरून तिथे जायच्या. १९११ मध्ये कंपनीनं नदीच्या पश्चिमेला नवं मोठं स्टेशन उघडलं आणि वेल्स स्ट्रीट बंद झालं. जगातला सर्वात मोठा बॅस्क्यूल, आणि मुख्य स्टेशनाच्या प्रवासी गाड्या त्याच्या वाट्याला आल्या जेमतेम तीन वर्षं! जुन्या स्टेशनाच्या जागेवर १९३० मध्ये मर्चंडाइज मार्ट ही अवाढव्य इमारत उभी राहिली. रूळ मात्र तिच्या खालून, कॅरोल अव्हेन्यूवरून, तसेच पुढे गेले आणि पूल मालगाड्यांवर जगला. नदीपलीकडचे कारखाने आणि गोदामं एकेक करून हलली. शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे शिकागो सन-टाइम्स हे वर्तमानपत्र. त्यांच्या छापखान्याला लागणारी कागदाची रिळं रेल्वेनं यायची. छापखाना मध्यवर्ती भागातून हलला आणि २००० मध्ये ही वाहतूक संपली. २००७ मध्ये शहरानं पुलाला अधिकृत वारसा दर्जा दिला.

तेव्हा प्रश्न असा, की ज्या कामासाठी पूल बांधला ते काम संपल्यावर तो ठेवावा का? ठेवला तर कशासाठी, आणि कुणाच्या खर्चानं? माझं मत आधीच सांगते, ठेवावा. पण तुमची मतं वाचायला आवडतील. आपल्याकडच्या किंवा इतर देशांतल्या अशा पुलांबद्दल माहिती असेल तर तीही लिहा.

---

वाचनमात्र

सुंदर धागा. हा पूल बोटीतून पाहिला आहे, पण तो बिघडल्यामुळे अर्ध्यात अडकला असेल असंच वाटलं होतं. मुद्दाम वर ठेवतात हे माहीत नव्हतं.

---

सांधेजोड

पुलांच्या तपासणीच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं आहे, म्हणून तो वर का आहे ते सांगतो.

नौकानयनाच्या नदीवर अमेरिकेत जहाजाचा हक्क आधी येतो, पुलाचा नंतर. १८९९ च्या नद्या आणि बंदरं कायद्यानं नदीतले अडथळे हटवण्याचे अधिकार तिथल्या युद्ध खात्याकडे दिले. आज पुलांपुरतं ते काम तटरक्षक दल बघतं. पुलावरून गाड्या जात नसतील आणि तो आडवा पडून राहिला, तर तो नदीतला निव्वळ अडथळा ठरतो आणि काढून टाका म्हणून आदेश येऊ शकतो. पाती वर करून ठेवली की बोटींची वाट मोकळी. म्हणून निवृत्त बॅस्क्यूल पूल बहुधा उभेच दिसतात. तसा उभा असल्यामुळेच तो लांबून नजरेत भरतो. आडवा असता तर क्वचितच कुणी त्याचा फोटो काढला असता.

बॅस्क्यूल इथे आलेच कशाला, तेही याच नदीमुळे. आधीचे पूल फिरते होते, म्हणजे पात्राच्या मधोमध मोठा खांब आणि त्यावर आडवा फिरणारा गाळा. शिकागो नदी मुळात अरुंद. त्यात मधे खांब म्हटल्यावर दोन्ही बाजूंना जहाजाला जागा उरते किती? बोटी वाढल्या, रुंद झाल्या, टकरा होऊ लागल्या. त्यामुळे शहरानं आणि रेल्वे कंपन्यांनी काठावरून उचलता येतील असे पूल आणले. १८९५ मध्ये व्हॅन ब्यूरन रस्त्यावर विल्यम शेर्झर यांच्या पद्धतीचा, म्हणजे मागे लोळत उघडणारा, पूल झाला. स्वतः शेर्झर तो पाहायला नव्हते, ते १८९३ मध्येच वारले. १९०२ मध्ये कोर्टलँड रस्त्यावर शहराच्या अभियंत्यांनी स्थिर आसावर फिरणारा पूल बांधला. तो 'शिकागो पद्धती'चा पहिला.

स्ट्रॉस यांची खुबी वेगळी. पाती उचलायला लागणारी ताकद कमी करायची तर दुसऱ्या टोकाला तितकंच वजन हवं. पूर्वी ते ओतीव लोखंडाचं असे, आणि ते महाग. स्ट्रॉस यांनी काँक्रीट वापरलं. काँक्रीट स्वस्त, पण तेवढ्याच वजनाला जागा कितीतरी जास्त लागते. मग तो ठोकळा पातीला घट्ट न जोडता त्यांनी स्वतंत्र आसावर टांगला, म्हणजे पाती फिरली तरी ठोकळा सोयीच्या जागेत राहतो आणि काठावर खोल खड्डा खणावा लागत नाही. तोल इतका नेमका साधलेला असतो, की मोटारीला मुख्यतः घर्षण आणि वारा यांच्याशीच झुंजावं लागतं.

याच तोलामुळे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पातीवरचे रूळ किंवा लाकडी स्लीपर काढून टाकले, तर ती हलकी होते आणि सगळा हिशेब बिघडतो. म्हणून बंद पुलावरचं सामान भंगारात काढतानाही आधी अभियंत्याला विचारावं लागतं.

---

काठावरून

सांधेजोड, फार मोलाची माहिती दिलीत. मधल्या खांबाचा मुद्दा मला कुठे इतक्या स्पष्टपणे वाचायला मिळाला नव्हता.

एक भर घालते. गाड्या थांबल्यानंतरही पूल लगेच पूर्णपणे 'मेला' नव्हता. १९९५ मध्ये युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीनं नॉर्थ वेस्टर्न विकत घेतली आणि पूल त्यांच्याकडे आला. मार्ग कागदोपत्री चालू राहावा म्हणून वर्षातून एकदा पाती खाली आणून रुळांवर चालू शकणारा एक ट्रक त्यावरून नेत असत. या मार्गानं बस किंवा ट्राम नेऊन पश्चिमेकडची रेल्वे स्टेशनं आणि मिशिगन तळ्याकाठचा नेव्ही पिअर हा धक्का जोडावेत, ही कल्पना शहरात अनेकदा निघाली आहे. अजून झालेलं काही नाही. पण तो हक्काचा पट्टा टिकून आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शहराच्या मध्यात एकदा मोडलेला मार्ग पुन्हा मिळवणं जवळपास अशक्य असतं.

---

मोकळं पात्र

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते मनापासून मांडते.

शिकागोत चालू स्थितीतले उचलते पूल भरपूर आहेत. वसंतात आणि शरदात शिडाच्या बोटी तळ्यात जातात आणि परत येतात, तेव्हा हे पूल एकापाठोपाठ एक उचलतात. लोक बघायला थांबतात. त्यांना ऑपरेटर लागतात, ग्रीस लागतं, मोटारी आणि विजेच्या जोडण्या तपासाव्या लागतात. ती कौशल्यं जिवंत आहेत. वारशासाठी पैसा मोजकाच असेल तर तो चालत्या पुलांवर खर्च व्हावा. जो पूल पुन्हा कधी हलणार नाही त्याला दर्जा दिला म्हणजे आपण त्याचा आकार जपला. त्याचं काम नाही जपलं.

शिवाय दर्जा मिळाला की सगळे निश्चिंत होतात. रंग उडतो, सांध्यात पाणी साचतं, पोलाद गंजतं. वीस-पंचवीस वर्षांनी तो धोकादायक झाला की मग घाईघाईनं पाडायची वेळ येते. त्यापेक्षा नीट मोजमापं आणि छायाचित्रं घेऊन, यंत्रसामग्री संग्रहालयात ठेवून, पूल सन्मानानं उतरवणं जास्त प्रामाणिक नाही का?

---

रूळबदल

मोकळं पात्र, तुमचा देखभालीचा मुद्दा बरोबर आहे. पण निष्कर्ष मला उलटा वाटतो, आणि त्याचा पुरावा याच पुलाच्या पायथ्याशी आहे.

शिकागोच्या मध्यवर्ती भागाखाली मालवाहतुकीच्या बोगद्यांचं जाळं आहे. दोन फुटी रुळांवरून छोट्या विजेच्या गाड्या कोळसा, राख आणि माल इमारतींच्या तळघरांत पोचवत आणि आणत. १९५९ मध्ये ही वाहतूक बंद झाली आणि लोक बोगदे विसरले. किंझी रस्त्याच्या पुलाजवळ नदीत पुलाच्या रक्षणासाठी लाकडी खांबांचे जुडगे ठोकलेले असतात. ते बदलताना नव्या जुडग्याची जागा थोडी सरकवली आणि खालच्या बोगद्याच्या भिंतीवर ताण येऊन ती फुटू लागली. जानेवारी १९९२ मध्ये केबल टीव्हीच्या कामगारांना गळती दिसली. त्यांनी चित्रणही केलं. दुरुस्तीचा खर्च तेव्हा काही हजार डॉलरांत होता. ती झाली नाही. १३ एप्रिल १९९२ ला भिंत ढासळली आणि नदी बोगद्यांत शिरली. सुमारे २५ कोटी गॅलन पाणी तळघरांत भरलं. मर्चंडाइज मार्टच्या तळघरात तर मासे दिसले. वीज गेली, शहराचा मध्यभाग रिकामा करावा लागला, नुकसान अब्ज डॉलरांच्या घरात गेलं.

एकाच कोपऱ्यावर रेल्वेची दोन जुनी कामं. एक जमिनीखाली, जे कुणाला दिसत नव्हतं, आणि त्याकडे दुर्लक्ष झालं. दुसरं रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर. दिसणाऱ्या वस्तूबद्दल लोक विचारतात, तक्रार करतात, महापालिकेला पत्र लिहितात. म्हणून पूल उभा ठेवणं ही नुसती हौस नाही असं मला वाटतं. तो काढून त्याची यंत्रं गोदामात ठेवली, तर त्या यंत्रांचंही बोगद्यांसारखंच विस्मरण होईल.

---

वाचनमात्र

बापरे! हा पूर माहीतच नव्हता. धाग्याचं सार्थक झालं.

---

दक्षिणकाठ

मी रॉटरडॅममध्ये राहते. इथला 'डे हेफ' या चर्चेत यायलाच हवा. तो बॅस्क्यूल नाही. दोन मनोरे आणि त्यांच्यामध्ये सरळ वर जाणारा गाळा अशी त्याची रचना. पण कहाणी जुळती आहे.

कोनिंग्सहाफन या इथल्या जलमार्गावर आधी १८७८ चा फिरता रेल्वे पूल होता. सांधेजोड म्हणतात तोच त्रास इथेही झाला. १९१८ मध्ये एक जर्मन जहाज त्यावर आदळलं. त्यानंतर उचलत्या पुलाचा निर्णय झाला, पीटर योस्टिंग यांनी आराखडा केला आणि १९२७ मध्ये पूल सुरू झाला. १९४० च्या बॉम्बफेकीत शहराचा मध्यभाग बेचिराख झाला. त्यानंतर जी थोडी जुनी आकृती उरली तिच्यात हा पूल. इथल्या वयस्कर शेजाऱ्यांशी बोलताना कळतं, की युद्धाआधीच्या शहराची खूण म्हणून ते याच्याकडे पाहतात.

१९९३ मध्ये नदीखालून रेल्वेचा बोगदा झाला आणि पुलाचं काम संपलं. तो पाडायचा विचार होता. रहिवाशांनी विरोध केला आणि पूल वाचला. तेव्हापासून गाळा वरच आहे. २००० मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. २०१४ ते २०१७ या काळात मोठी डागडुजी झाली, तेव्हा पुन्हा कधी तो सुटा करणार नाही असं आश्वासन शहरानं दिलं.

मग २०२२ साल उजाडलं. जवळच्या गोदीत जेफ बेझोस यांच्यासाठी तीन डोलकाठ्यांची प्रचंड नौका बांधत होते. डोलकाठ्यांसह ती पुलाखालून जाईना. मधला गाळा काही काळ काढायचा आणि खर्च गोदीवाल्यांनी द्यायचा, अशी चर्चा सुरू झाली. शहर पेटून उठलं. नौकेवर सडकी अंडी फेकायला हजारो लोकांनी नावं नोंदवली. शेवटी गोदीवाल्यांनी पुलाचा नाद सोडला. ऑगस्टमध्ये डोलकाठ्यांशिवाय नौका दुसऱ्याच मार्गानं ओढत नेली.

मोकळं पात्र, त्या दिवसांत मी इथे होते. ज्या पुलावरून १९९३ नंतर एकही गाडी गेली नाही, त्याच्यासाठी भांडायला अशी माणसं पुढे आली ज्यांनी तो चालू असताना पाहिलाही नव्हता. शाळकरी मुलंसुद्धा. म्हणजे गाड्या थांबल्यावरही पुलाला दुसरं काम लागलेलं होतं.

---

मोकळं पात्र

दक्षिणकाठ, हे वाचून माझं मत काहीसं हललं. लोकांचा आग्रह इतका खरा असेल तर पूल ठेवावाच. मग खर्चाची जबाबदारीही लोकांनी आणि शहरानं उघडपणे घ्यावी, एवढंच माझं म्हणणं उरतं. डे हेफला तसा खर्च झाला, म्हणून तो उभा आहे.

---

रामेश्वरवाट

इतका वेळ वाट पाहत होतो की कुणीतरी पंबनचं नाव काढेल!

रामेश्वरला गेलेल्या प्रत्येक मराठी घरात पंबनच्या पुलाची आठवण असते. माझे आजी-आजोबा काशीयात्रेनंतर गंगा घेऊन रामेश्वरी गेले तेव्हा बेटावर जायला रस्ताच नव्हता. रस्त्याचा पूल १९८८ मध्ये झाला. त्याआधी भिस्त रेल्वेवर. आजी सांगायची, गाडी पुलावर आली की डब्यात नामस्मरण सुरू व्हायचं, कारण खिडकीतून खाली फक्त पाणी दिसायचं.

पूल २४ फेब्रुवारी १९१४ ला सुरू झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त, १४५ गाळे आणि मधे जहाजांसाठी दोन पात्यांचा उचलता गाळा. तो शेर्झर पद्धतीचा, म्हणजे सांधेजोड यांनी शिकागोच्या व्हॅन ब्यूरन रस्त्यावर सांगितली तीच पद्धत. त्या शोधाची एक फांदी आपल्या रामेश्वरापर्यंत पोचली होती. तेव्हा मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, तिथून बोटीनं तलैमन्नार आणि पुढे सिलोन असा तो प्रवास असे. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झालं, प्रवाशांनी भरलेली गाडी समुद्रानं गिळली, पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले. ई. श्रीधरन या तरुण अभियंत्याकडे दुरुस्तीचं काम दिलं आणि ते ४६ दिवसांत पुरं झालं. २००७ मध्ये पूल ब्रॉडगेज झाला. खाऱ्या वाऱ्यानं पोलाद गंजत गेलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये गाड्या थांबल्या. ६ एप्रिल २०२५ ला शेजारच्या नव्या पुलाचं उद्घाटन झालं. त्यात ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो.

जुना उचलता गाळा माणसं हातानं उघडत असत. दोन्ही बाजूंना कामगार दांडे फिरवत आणि पाती हळूहळू वर जात. ते काम करणाऱ्यांचे हात, त्यांची पद्धत, त्यांचे आवाज हे सगळं कुणी नोंदवून ठेवलं पाहिजे. नवा पूल उत्तम आहे, तो हवाच होता. पण सगळा जुना पूल ठेवणं शक्य नसेल तरी निदान तो शेर्झर गाळा तरी जागेवर राहावा अशी माझी तळमळ आहे. सांधेजोड, तांत्रिकदृष्ट्या हे जमेल का?

---

सांधेजोड

जमण्यासारखं आहे, पण किंझीपेक्षा अवघड.

फरक समजून घ्या. किंझीची पाती एका आसाभोवती फिरते. शेर्झरची पाती मागच्या बाजूला गोलाकार असते आणि ती झुलत्या खुर्चीसारखी सपाट मार्गावर मागे लोळते. म्हणजे जपायचं तर फक्त पाती जपून भागत नाही. ती ज्यावर लोळते तो मार्ग, त्याखालचे खांब आणि मागचं प्रतिवजन असं सगळं जागेवर हवं. संग्रहालयाच्या अंगणात नुसती पाती ठेवली तर ती कशी चालत होती हे पाहणाऱ्याला कळणार नाही.

दुसरं म्हणजे हवा. शिकागोची नदी गोड्या पाण्याची. रॉटरडॅमची हवा दमट, पण पंबनइतकी खारी नाही. पंबनला वारा मीठ घेऊनच येतो. तिथे पाती वर उभी ठेवली तर वाऱ्याचा जोर कायम तिच्यावर. गाड्या चालू होत्या तेव्हासुद्धा वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या पुढे गेला की वाहतूक थांबवत. पाती आडवी ठेवली तर नौकांची वाट अडते. त्यामुळे ती वरच ठेवावी लागेल आणि पक्की जखडावी लागेल. रंगाचे थर, सांध्यांची तपासणी, गंजलेल्या पट्ट्या बदलणं हे ठरावीक वर्षांनी येतच राहणार. म्हणून ठेवायचं ठरलं तर त्याच कागदावर खर्च कुणाच्या अंदाजपत्रकातून होणार हेही लिहिलं गेलं पाहिजे, रेल्वे की राज्य सरकार की बंदर खातं.

आणि कामगारांच्या पद्धतीचं चित्रण करायचं असेल तर त्याला पुलाच्या निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. ते आत्ताच व्हावं.

---

काठावरून

रामेश्वरवाट, तुमच्या आजींची आठवण वाचून अंगावर काटा आला. पंबनसाठी स्वतंत्र धागा काढाच. पुलावर काम केलेल्या कुणाशी ओळख असेल तर त्यांना बोलतं करा. मराठीत या विषयावर फार कमी लिहिलं गेलंय.

मोकळं पात्र, खर्चाचं तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. किंझीच्या बाबतीत मी आता एवढंच विचारत जाईन की शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी आहे. पूल दाखवायला नेते त्या पाहुण्यांनाही हे सांगणार आहे.

---

रामेश्वरवाट

काढतो धागा. आमच्या नात्यातले एक काका दक्षिण रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यांना आजच फोन करतो.